तयार कानाचा माणूस

गाणाऱ्याला गळा असतो, वाजवणाऱ्याला हात असतो आणि जाणकाराला मत असतं. हा माणूस पार्ल्यात, ठाण्यात, सांगली-मिरजेतही आढळतो. पुण्यात त्याचं पीक जरा दाट येतं, एवढंच. तो स्वतः गात नाही. लहानपणी गायनाच्या क्लासला गेलेला असतो, पुढे ‘परिस्थितीमुळे राहून गेलं’ असं सांगतो, आणि तो हे सांगत असताना त्याची सख्खी भावंडं छताकडे बघत असतात. पण कान तयार असतो. एकदा कान तयार झाला की गाणं ऐकायची तशी गरज उरत नाही. तानपुरे जुळत असतानाच तो शेजाऱ्याकडे झुकून म्हणतो, “आज काही खरं नाही.” मग तीन तास डोळे मिटून तो आपलं भाकीत खरं होण्याची वाट बघतो.

सवाई गंधर्व महोत्सवात हा प्राणी कळपाने दिसतो. भीमसेन जोशींनी 1953 साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या या उत्सवाला तो नुसतं ‘सवाई’ म्हणतो. शाल, थर्मास, पाठ टेकायची घडीची खुर्ची आणि मागच्या वर्षीची तक्रार, एवढं सामान त्याच्याबरोबर असतं. सम यायच्या पाव मात्रा आधी तो ‘वा’ म्हणतो. आधी म्हटल्यामुळे समेवर येण्याचं निम्मं श्रेय त्याच्याकडे जमा होतं. तरुण गायक कितीही रंगला तरी याच्या हातात हुकमाचं पान असतंच: “याच्या वडिलांना ऐकलंय.” वडील गाणारे नसतील तर गुरूंना ऐकलेलं असतं. गुरूंनाही ऐकायचं राहून गेलं असेल तर, “याला सुरुवातीला ऐकलंय, तेव्हा बरा होता.”

माझे सासरे याच जातकुळीतले. पुण्यात जाणकारांची मिरवणूक निघाली तर ते मानाच्या पहिल्या पाचांत असतील, आणि तिथेही क्रमावरून वाद घालतील. आयुष्यभर बँकेत नोकरी केली. त्यामुळे त्यांचं इंग्रजी अजून ‘आपल्या दिनांक अमुकच्या पत्रास अनुसरून’ या वळणाचं आहे. उन्हाळ्यात ते आणि सासूबाई आमच्याकडे अटलांटाला आले. सासूबाईंना गाणं आवडतं. म्हणून त्यांना त्यातलं काही कळत नाही, असं सासऱ्यांचं ठाम मत आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी इथे लेबर डेची सुट्टी असते. शनिवार-रविवार धरून तीन दिवस मोकळे होतात.

“नॅशव्हिलला जाऊ या,” माझी चौदा वर्षांची मुलगी म्हणाली. “आजोबा, तुम्हाला आवडेल. म्युझिक सिटी म्हणतात त्याला. अख्खं शहर गाण्यावर चालतं.”

“घराणं कुठलं?”

“कंट्री.”

“म्हणजे लोकसंगीत,” असा निकाल देऊन त्यांनी बॅगेत शाल भरली. बाहेर अंगातून घामाच्या धारा निघत होत्या.

अटलांटा ते नॅशव्हिल अडीचशे मैल, गाडीने साधारण चार तास. सात आसनांच्या गाडीत आम्ही सहा जण आणि सातव्या आसनावर सासूबाईंची पिशवी, तिलाही पट्टा लावलेला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळ्या आणि ‘तिकडे काही मिळालं नाही तर’ म्हणून सव्वा किलो चिवडा. चॅटनूगा मागे पडलं की रस्ता थोडा वेळ पुन्हा जॉर्जियात शिरतो, परत टेनेसीत येतो आणि मग पुढे माँटईगलचा घाट लागतो. घाटाच्या आधीच घड्याळ एक तास मागे जातं, कारण नॅशव्हिल सेंट्रल टाइममध्ये आहे. सगळ्यांच्या फोनांनी आपापली वेळ गुपचूप बदलून घेतली. सासऱ्यांच्या मनगटी घड्याळाने बदलली नाही. “तीन दिवसांसाठी कशाला काटे फिरवायचे?” त्यामुळे ते सगळीकडे तासभर आधी तयार होऊन बसत आणि आम्हाला उशीर झाला असं म्हणत. “गाण्याला तासभर आधीच जायचं असतं. जागा चांगली मिळते.”

लोअर ब्रॉडवे हा कंबरलँड नदीकडे उतरत जाणारा रस्ता. दोन्ही बाजूंना हाँकी-टाँक, म्हणजे दारू मिळणारी आणि दिवसभर गाणं चालणारी ठिकाणं. संध्याकाळनंतर बऱ्याच जागी पोराबाळांना आत घेत नाहीत, म्हणून आम्ही भरदुपारीच गेलो. इथे एकेका इमारतीत दोन-तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वेगळा बँड आणि सगळ्या खिडक्या रस्त्याकडे उघड्या. फुटपाथवर उभं राहिलं की एका कानात चार आणि दुसऱ्या कानात पाच गाणी एकदम शिरतात.

“जुगलबंदी आहे का?” सासऱ्यांनी विचारलं.

“नाही बाबा, हे सगळे वेगवेगळे कार्यक्रम आहेत.”

ते फुटपाथच्या मधोमध थांबले आणि त्यांनी डोळे मिटले. मागून येणारी गर्दी त्यांना वळसा घालून जाऊ लागली. “खालचा काळी एकमध्ये आहे. मधला पांढरी चार. वरचा कुठे आहे ते त्याचं त्यालाच माहीत नाही.”

तेवढ्यात रस्त्यावरून एक विचित्र वाहन आलं. मधे लांब टेबल, दोन्ही बाजूंना पंधराएक मुली सायकलसारखं पायडल मारताहेत, सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या हॅट, पायात गुलाबी बूट, आणि तारस्वरात किंचाळणं. एकीच्या गळ्यात ‘नवरी’ असं लिहिलेला पट्टा होता. लग्नाआधी मैत्रिणींना घेऊन मौजमजा करायला अमेरिकाभरच्या मुली या गावाला येतात. सासूबाईंना काय सांगावं याचा मी विचार करत होतो, तोवर मुलीने सांगून टाकलं, “आजी, केळवण आहे.”

“अगंबाई! मग जेवण कुठाय?”

आम्ही ज्या ठिकाणी शिरलो तिथे आत जायला पैसे नव्हते. ब्रॉडवेवर ही जुनी रीत आहे. वादक चार-चार तासांच्या पाळ्या करतात आणि त्यांची खरी कमाई लोकांच्या बक्षिशीवर असते. गाण्यांच्या मधे एक जण बादली घेऊन टेबलाटेबलावर फिरतो. आवडीचं गाणं हवं असेल तर नोट टाकायची आणि फर्माईश सांगायची. नोट जेवढी मोठी, तेवढं गाणं लवकर. सासऱ्यांनी बादली पाहिली आणि आवाज खाली आणून मला म्हणाले, “जावईबापू, हा दौलतजादा आहे. तुम्ही मुलांना घेऊन संगीत बारीत आला आहात.”

खरं म्हणजे ही तुलना अगदी चपखल होती, आणि संगीत बारीत जशी उत्तम गाणारी असतात तशी ती इथेही होती. गिटारवरच्या पोराचा हात असा चालत होता की दुसऱ्या कुठल्याही गावात तो मोठा कलाकार ठरला असता. इथे तो दुपारच्या पाळीचा कामगार होता. या शहराची ही एक गंमत आहे, आणि थोडी क्रूर आहे. देशभरातून आपापल्या गावची सगळ्यात चांगली गाणारी माणसं इथे येतात आणि मग एकमेकांना जेवण वाढण्याची कामं करतात.

सासऱ्यांची मुख्य तक्रार वेळेबद्दल होती. गाणं सुरू झालं की ते बूड नीट टेकवून, मान सैल करून, डोळे मिटत. डोळे मिटून होईपर्यंत गाणं संपलेलं असे. “तीन मिनिटं! तीन मिनिटांत आपल्याकडे गवई षड्जसुद्धा लावत नाही.”

मी म्हटलं, “बाबा, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्याही तीन-साडेतीन मिनिटांच्याच आहेत ना?”

हा वार वर्मी होता. खाँसाहेब म्हणजे सवाई गंधर्वांचे गुरू. सासरे बराच वेळ टेबलावरच्या मिठाच्या डबीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तो त्यांचा नाइलाज होता. ही यांची हौस आहे.”

इतक्यात सासूबाईंनी पर्समधून वीस डॉलरची नोट काढली, बादलीत टाकली आणि हात वर करून खणखणीत आवाजात म्हणाल्या, “वन्स मोअर!”

गाणारा गोंधळला. नाटकाला पहाटेपर्यंत वन्स मोअर देण्याची आपली परंपरा टेनेसीपर्यंत पोचलेली नाही. मघाचंच गाणं लगेच पुन्हा कुणाला का हवं असेल, हे त्याला कळेना. पण त्याला वीस डॉलर कळले. त्याने तेच गाणं पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा चांगलं. सासऱ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. “बालगंधर्वांना देत असत वन्स मोअर,” ते म्हणाले, पण कुणाला उद्देशून नव्हे.

त्याच गाण्यात एक गोष्ट घडली. कोपऱ्यात एक पिकल्या मिशांचा गृहस्थ इस्त्रीच्या टेबलासारख्या दिसणाऱ्या वाद्यापुढे बसला होता. पेडल स्टील गिटार. डाव्या हातातली लोखंडी पट्टी तारांवरून सरकते, पायाखाली पायडल असतात, गुडघ्यांनी दांड्या ढकलायच्या असतात. चारही अवयव कामाला लागतात आणि चेहरा मात्र बँकेत रांगेत उभा असल्यासारखा. त्याने एक सूर धरला आणि तो दुसऱ्या सुरापर्यंत असा ओढत नेला की मधला एकही कण सांडला नाही. सासऱ्यांचे डोळे उघडले. त्यांचे डोळे उघडणं ही दुर्मीळ घटना आहे. चांगलं काही घडलं की ते मिटतात, आणि फारच चांगलं घडलं तर उघडतात.

“मींड,” ते म्हणाले.

विश्रांतीच्या वेळी ते सरळ त्या गृहस्थापुढे जाऊन उभे राहिले. मला दुभाष्या म्हणून जावं लागलं. “विथ रेफरन्स टु युवर लास्ट साँग,” अशी सुरुवात करून त्यांनी सांगितलं की मींड समाधानकारक आहे, गमकाकडे लक्ष द्यावं. तो म्हणाला, “यस सर.” या भागात माणसं कशालाही ‘यस सर’ म्हणतात, त्याचा अर्थ होकार असतोच असं नाही. मग त्याने विचारलं, कुठले? इंडिया म्हटल्यावर तो एकदम खुलला. झाकिर हुसेन! बेला फ्लेक आणि एडगर मायर यांच्याबरोबर इथे वाजवायचे! मोहनवीणावाले भट्ट आणि आमचा जेरी डग्लस यांची रेकॉर्ड घरी आहे! हे सगळं खरं आहे. 2006 साली नॅशव्हिलच्या सिंफनीचं नवं सभागृह उघडलं तेव्हा बँजो, कॉन्ट्राबास आणि तबला अशा तिघांसाठी खास रचना करून घेतली होती आणि तबल्यावर झाकिरभाई होते. ते गेल्याचं त्यालाही माहीत होतं. त्याने हॅट काढून क्षणभर मांडीवर ठेवली.

सासऱ्यांना आनंद झाला की धक्का बसला हे सांगणं कठीण. त्यांना न विचारता एक परका माणूस झाकिरना ओळखत होता. त्यांनी पान टाकलं: “आय हॅव हर्ड हिज फादर.”

“नो किडिंग!” म्हणून त्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. पुण्यात या वाक्यानंतर समोरचा माणूस गप्प होतो. हात धरणारा त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा. बाहेर आल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, “सगळं शहर भूप गातंय आणि कुणालाही पत्ता नाही.” (यात तथ्य आहे. कंट्रीतल्या असंख्य चाली सा रे ग प ध या पाचच सुरांवर उभ्या असतात. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. आधीच फुगलेल्या फुग्याला तोंड लावू नये.)

दुसऱ्या दिवशी सकाळी आरसीए स्टुडिओ बी पाहिला. 1957 साली बांधलेली साधीशी इमारत. एल्विस प्रेस्लीने इथे दोनशेहून जास्त गाणी मुद्रित केली. मार्गदर्शक मुलीने एक कागद दाखवला. त्यावर सुरावट नव्हती, नुसते आकडे होते: एक, चार, पाच, एक. सासरे म्हणाले, फोन नंबर असेल. तिने सांगितलं, ही नॅशव्हिलची आकड्यांची पद्धत. एल्विसच्या मागे गाणाऱ्या जॉर्डनेअर्समधल्या नील मॅथ्यूजने 1950 च्या दशकाच्या अखेरीस ती काढली. गायकाने ऐन वेळी पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाही. जिथून सुरुवात तो एक, बाकीचे त्याच्या हिशेबाने.

“म्हणजे सा, म, प,” सासरे म्हणाले. “पट्टी कुठलीही घ्या, सा तो सा.” मग माझ्याकडे वळून, “आपल्याकडूनच गेलंय.”

जाणकाराच्या मते सगळं आपल्याकडूनच जातं. नेणाऱ्याचं नाव, जहाजाचं नाव, असले तपशील तो मागत नाही. माझ्या मुलीने सांगून पाहिलं की बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आला, आणि याच गावातल्या फिस्क विद्यापीठाच्या जुबिली सिंगर्सनी 1871 पासून गावोगाव गाऊन कॉलेजसाठी पैसा उभा केला. गुलामीतून नुकती सुटलेली मुलं, आणि त्यांच्या गाण्यावर जुबिली हॉल बांधला गेला. इथे मात्र सासरे थांबले. “आपल्याकडे गाण्यापायी घरं विकली गेलेली पाहिली आहेत,” ते म्हणाले. “बांधलेलं पहिल्यांदा ऐकतोय.” त्या हॉलसमोर त्यांनी गाडी उभी करायला लावली आणि खाली उतरून इमारत खालपासून वरपर्यंत बघून घेतली.

दुपारचं जेवण ‘मीट अँड थ्री’ पद्धतीचं. एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या. सासरे शाकाहारी, म्हणून नुसत्या भाज्या मागवल्या. फलकावर भाज्यांच्या यादीत मॅकरोनी आणि चीज होतं. “ही भाजी आहे?” दक्षिणेत आहे. पालेभाजी खरीखुरी होती, पण ती डुकराच्या हाडाबरोबर शिजवतात हे वेळीच कळलं. वाढणाऱ्या बाईंनी सासऱ्यांना ‘हनी’ म्हटलं, दोनदा. सासूबाईंनी गार चहाचा ग्लास उचलून बघितला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “हिला म्हणावं, लाडात येण्यापेक्षा चहा गरम करून आण.”

सेंटेनिअल पार्कमध्ये अथेन्सच्या पार्थेनॉनची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. मुळात 1897 च्या प्रदर्शनासाठी बांधलेली, लोकांना आवडली म्हणून पुढे काँक्रीटमध्ये पक्की केली. आत बेचाळीस फुटी अथीना, सोन्याने मढवलेली, शेजारी ढाल आणि नाग. सासूबाईंनी चपला बाहेर काढल्या. रखवालदार अस्वस्थ झाला. “कुठली का असेना, देवी आहे,” असं म्हणून त्यांनी हात जोडले, आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलालाही जोडायला लावले. त्याचं आयुष्यातलं ते पहिलं ग्रीक दर्शन. बाकी तीन दिवस तो बहुतेक झोपला होता.

रायमन सभागृह सासऱ्यांना आवडलं. टॉम रायमन नावाच्या बोटमालकाने एका धर्मोपदेशकाचं व्याख्यान ऐकून भारावून जाऊन ते बांधायला घेतलं, 1892 मध्ये पुरं झालं. 1943 ते 1974 ग्रँड ओल ऑप्री हा रेडिओचा कार्यक्रम तिथून होत असे. बसायला चर्चसारखे लाकडी बाक, पाठ ताठ. सासरे एका बाकावर बसले, सरकले, पुन्हा बसले. “भारतीय बैठक नाही,” त्यांनी निर्णय दिला, “पण त्रास पुरेसा आहे.” थोडा त्रास झाल्याशिवाय गाणं अंगी लागत नाही, या मताचे ते आहेत.

ऑप्री आता गावाबाहेरच्या नव्या वास्तूत होते. 1925 पासून अखंड चालू असलेला कार्यक्रम; डब्ल्यूएसएम केंद्रावरून थेट प्रक्षेपण, मधेमधे रंगमंचाच्या कडेला उभं राहून निवेदक जाहिराती वाचतो. आम्ही अर्थातच तासभर आधी पोचलो. सासऱ्यांच्या पलीकडच्या खुर्चीवर आमच्याही आधी एक म्हातारा येऊन बसला होता. गॅलिस, चौकड्यांचा सदरा, गुडघ्यावर हॅट. वादक वाद्यं जुळवत होते. म्हातारा सासऱ्यांकडे झुकला आणि लांबलचक टेनेसी हेलात काहीतरी म्हणाला. सासऱ्यांनी मला विचारलं, “काय म्हणतोय?”

“म्हणतोय, आज काही खरं नाही.”

सासरे पूर्ण वळून बसले. त्यानंतरचा संवाद मला जवळजवळ भाषांतरित करावाच लागला नाही. म्हातारा म्हणाला, पूर्वी ऑप्रीच्या रंगमंचावर ड्रम चालत नसत. ड्रम आले आणि गाणं गेलं. सासरे म्हणाले, आमच्या आकाशवाणीवर 1940 पासून तीसएक वर्षं हार्मोनियमला बंदी होती. ती उठली आणि श्रुती गेल्या. (एरवी ते हार्मोनियमच्या बाजूने भांडतात.) म्हातारा म्हणाला, हल्लीची पोरं हॅट घालतात पण गुरं पाहिलेली नसतात. सासरे म्हणाले, आमच्याकडची शाल घेतात पण थंडी नसते. मग म्हाताऱ्याने हुकूम काढला. त्याच्या वडिलांनी हँक विल्यम्सला ऑप्रीत पहिल्यांदा गाताना ऐकलं होतं, रायमनमध्ये, 11 जून 1949. लोकांनी सहा वेळा पुन्हा गायला लावलं.

“बघा!” सासूबाई म्हणाल्या. “इथेही वन्स मोअर असतो.”

सासरे अडचणीत आले. त्यांच्याकडे ‘वडिलांना ऐकलंय’ होतं. या माणसाच्या वडिलांनीच ऐकलं होतं. अशा वेळी जाणकार इतिहासात शिरतो. हँक कधी गेला? 1 जानेवारी 1953, एकोणतिसाव्या वर्षी, गाडीच्या मागच्या सीटवर. सासऱ्यांनी मनाशी आकडेमोड केली. “त्याच वर्षी आमचा सवाई सुरू झाला,” ते हळू आवाजात म्हणाले. “तिकडून इकडे आलं.” काहीतरी बाहेरून आपल्याकडे आलं असं त्यांनी कबूल केल्याचा माझ्या माहितीतला हा एकमेव प्रसंग.

पडदा वर गेला. रंगमंचाच्या मधोमध एक सहा फुटी गोल आहे, वेगळ्या रंगाच्या लाकडाचा. रायमन सोडताना तिथल्या फळ्यांतून कापून तो इथे बसवला. प्रत्येक गाणारा त्यावर उभा राहतो. म्हाताऱ्याने हे समजावून सांगितलं तेव्हा सासरे विषण्ण झाले. “आमचा सवाई रमणबागेतून मुकुंदनगरला गेला,” ते मला म्हणाले, “कुणी मूठभर माती आणली नाही.” पुढचे दोन तास दोघांनी मिळून कार्यक्रम नापसंत केला. मधे एका बाईंनी फिडल असं वाजवलं की सासऱ्यांच्या तोंडून ‘क्या बात है’ निसटलं. म्हाताऱ्याला ते आवडलं. शेवटी शेवटी तोही ‘क्या बाहाय’ म्हणू लागला, आणि तेसुद्धा पाव मात्रा आधी.

सोमवारी निघायच्या आधी बूट घेतले. ब्रॉडवेवर एका जोडीवर दोन जोड्या मोफत अशी पाटी होती, आणि पुण्याच्या माणसाने ती ओलांडून जावं अशी अपेक्षा करणं चूक आहे. तीन जोड्या, तीन पिढ्यांत वाटल्या. आपली जोडी काढायला पाच मिनिटं लागतात असं लक्षात आल्यावर सासरे म्हणाले, “हे घालून बैठकीवर कसं बसायचं?” त्यामुळेच इथे बैठक रुजली नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

परतीच्या वाटेवर बूट पायांत ठेवूनच ते पुढच्या सीटवर बसले होते. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये रांगेत भेटलेल्या एका मुलीचा विषय निघाला. तिच्या सदऱ्यावर टेलर स्विफ्टचं चित्र होतं.

“ती काही खरी फॅन नव्हती,” माझी मुलगी मागून म्हणाली. “1989 नंतरची आहे ती.”

“1989? तिचा जन्म?”

“अल्बम, आजोबा. 1989 नावाचा अल्बम. 2014 मध्ये आला. त्यात टेलरने कंट्री सोडलं. त्याच्या आधीचं ज्यांनी ऐकलंय तेच खरे.”

सासरे मागे वळले. “2014 मध्ये तू तीन वर्षांची होतीस.”

“मग? तुम्ही सवाई गंधर्वांना ऐकलंय का?”

गाडीत शांतता पसरली. सवाई गंधर्व 1952 मध्ये गेले. सासरे तेव्हा पाळण्यात होते. “त्यांच्या शिष्यांना ऐकलंय,” ते म्हणाले.

“मी यूट्यूबवर ऐकलंय. तेच झालं.”

मग जे जुंपलं ते टेनेसी संपून जॉर्जिया लागलं तरी थांबेना. मुलीने सांगितलं की टेलरच्या जुन्या मुद्रणांचे हक्क तिच्या हातून गेले, म्हणून तिने 2021 पासून तेच अल्बम पुन्हा गाऊन काढले. खऱ्या माणसाने तेच ऐकायचे, जुने ऐकणं म्हणजे पाप. सासरे म्हणाले, पहिलं ते पहिलं. नंतर गायलेलं कितीही घोटीव असलं तरी पहिल्यातली आच येत नाही. मुलगी म्हणाली, 2025 मध्ये तिने ते हक्क परत विकत घेतलेत, म्हणून आता जुनं ऐकलं तर चालतं, पण त्यातही कुठलं आणि कधी याला नियम आहेत. “नियम असायलाच हवेत,” सासरे म्हणाले, आणि ते इतके समाधानी दिसले की मी आरशात बघून खात्री करून घेतली. आवाज पूर्वी पातळ होता, आता भरलाय. भरलाय, पण त्यात वय आलंय. वय नाही, रियाज. तू रियाजाबद्दल मला सांगतेस?

“अहो,” सासूबाई मधल्या सीटवरून म्हणाल्या, “दोन तास झाले, दोघं गाण्याबद्दल बोलताय. एखादं गाणं लावाल का कुणीतरी?”

बायकोने फोनवर हाताला लागलं ते लावलं. पहिला सूर निघतो न निघतो तोच पुढून आणि मागून एकदम आवाज आला, “हे नव्हे!”